बोंडअळीचे छायाचित्र व स्वस्त भिंग

यवतमाळ जिल्ह्याची मदार कापसावर. म्हणून गुलाबी बोंडअळी वेळीच ओळखणे येथे घरोघरीची निकड होय. दूरच्या जाणत्यास दाखविण्यास स्पष्ट छायाचित्र हवे. परंतु पूर्ण वाढलेली अळीही सुमारे १ सेंटिमीटरच! तेवढ्यासाठी महाग मॅक्रो लेन्स घ्यावी काय? आमच्या मते, एकदम नको. कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स सुटी होत असल्यास, मध्ये तितक्याच लांबीच्या पोकळ नळ्या बसवाव्या; प्रतिमा मूळ वस्तूएवढी उमटते. नळीत काच नसते, म्हणून ती स्वस्त पडते. मात्र प्रकाश चौथा हिस्साच उरतो, व फार जवळ जावे लागते. फोडलेल्या बोंडातील अळीस हे चालते. फुलपाखरू मात्र बिचकते. त्यास १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स बरी. पालकहो, आधी गरज पाहावी, मग पैसा वेचावा.