केकमधला सुकामेवा आधी का भिजवतात?

गावठाणातील बरणी

मुंबईच्या साष्टी बेटावरील ईस्ट इंडियन हा पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेला आणि मराठीचीच एक बोली बोलणारा स्थानिक समाज. अंधेरीतील आंबोली व मरोळ, बोरिवलीतील गोराई या त्याच्या जुन्या वस्त्या. येथील घरांत, तसेच बोरिवलीच्याच आयसी कॉलनीतील गोव्याच्या व मंगळूरच्या कुटुंबांत नाताळाच्या केकची तयारी ओव्हनच्या कितीतरी आधी, बेदाणे भिजत घातलेल्या काचेच्या बरणीपासून सुरू होते.

कच्चा माल

‘बेदाणा’ म्हणजे बिनबियांचा, ‘मनुका’ बहुधा बियांची. सांगली-तासगाव भागात द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर सावलीत सुकवतात. द्रावणामुळे सालीवरील मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर बाहेर पडते. ताज्या द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी असते, बेदाण्यात साधारण १५ टक्के. म्हणूनच एका किलो बेदाण्यासाठी चार किलोंहून अधिक द्राक्षे लागतात.

भिजवण्याचे कारण

कोरड्या फळात साखर दाटलेली असते आणि ती पाणी ओढून घेते. बेदाणे न भिजवता घातले तर ते केकच्या मिश्रणातील ओलावा शोषतात. मग फळ चिवट राहते आणि त्याच्याभोवतीचा केक कोरडा पडून त्याचा भुगा होतो. पृष्ठभागावर आलेले बेदाणे ओव्हनच्या उष्णतेत करपून कडूही लागतात. फळ पाणी पिणारच असते. ते केकमधून प्यावे की बरणीतून, एवढेच ठरवायचे असते.

द्रवाची निवड

गरम पाण्यात साल लवकर मऊ होते, त्यामुळे वीस-तीस मिनिटे पुरतात. संत्र्याचा रस आंबटपणा आणि वास देतो, मात्र तो आंबू शकतो. म्हणून रात्रभर भिजवायचे असल्यास बरणी फ्रिजमध्ये ठेवतात. रम तीन कामे करते: फळ फुगवते, पाण्यात नीट न विरघळणारी सुगंधी द्रव्ये उतरवून घेते आणि बुरशीला अटकाव करते. भारतीय रममध्ये अल्कोहोलचे प्रमाण सहसा ४२.८ टक्के असते. त्यामुळे फळे पूर्ण बुडालेली राहिली तर ती आठवडेच्या आठवडे टिकतात.

कोणते भिजवावे

बेदाणे, मनुका, जर्दाळू आणि अंजीर भिजवल्याने सुधारतात. मोठी फळे बेदाण्याएवढी चिरली की सगळी सारखीच मुरतात. खारीक कडक असल्याने तिला अधिक वेळ लागतो, तर मऊ खजुराचा लवकर लगदा होतो. टुटीफ्रुटी म्हणजे साखरेच्या पाकात मुरवलेली कच्ची पपई. ती आधीच ओलसर असल्याने भिजवावी लागत नाही. काजू-बदाम भिजवले की कुरकुरीतपणा जातो, म्हणून ते शेवटी कोरडेच घालतात.

मिश्रणात घालताना

नीट भिजलेला बेदाणा टपोरा दिसतो आणि कापल्यावर आतपर्यंत मऊ असतो. साल फाटून गर बाहेर आला, तर तो जास्त भिजला आहे. फळे गाळणीत निथळून, कापडाने टिपून, चमचाभर मैद्यात घोळवतात. मैदा ओला पृष्ठभाग खरखरीत करतो, त्यामुळे फळ मिश्रणाला धरून राहते. गाळलेल्या द्रवात फळांची साखर उतरलेली असते. तो टाकून न देता पाककृतीतील दुधाच्या किंवा पाण्याच्या जागी मोजून वापरता येतो.

मर्यादा

मिश्रण फार पातळ असेल तर मैद्यात घोळवलेले फळही तळाशी बसते. हा दोष भिजवण्याने दूर होत नाही. रममधील सगळे अल्कोहोल ओव्हनमध्ये उडून जाते, ही समजूतही चुकीची आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार तासभर भाजल्यानंतरही सुमारे पाव भाग शिल्लक राहतो. म्हणून मुलांसाठी किंवा मद्य वर्ज्य असलेल्यांसाठी केक करायचा असेल, तर बरणीत पहिल्यापासून संत्र्याचा रसच घालणे योग्य.