आठ, सात, सहा… पण ‘एक’ कोठे गेला?

पुणे-सातारा रस्त्यावर, नीरा नदीच्या अलीकडे सारोळे हे गाव आहे. मी शाळेत असताना यात्रेच्या दिवसांत तेथे पडदा बांधून १६ मिलिमीटर फिल्मवरचा एक चित्रपट दाखविला होता. आरंभी पडद्यावर काही आकडे उलट्या क्रमाने सरकले आणि चित्रपट सुरू झाला. पण नायकाचे ओठ आधी हलत आणि शब्द मागाहून येत! सगळे हसू लागले. यंत्र चालविणाऱ्या गृहस्थांनी यंत्र थांबविले, आत हात घालून फिल्मची एक सैल कमान थोडी लहान केली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. आता शब्द बरोबर ओठांवर आले. त्यांनी नेमके केले तरी काय? या प्रश्नाच्या उत्तरातच त्या उलट्या आकड्यांचे मर्म आहे.

चित्र थांबते, आवाज थांबत नाही

बोलपटाच्या फिल्मवर सेकंदाला २४ चित्रे दाखवितात. प्रत्येक चित्र भिंगासमोर क्षणभर स्थिर उभे राहावे लागते, नाहीतर पडद्यावर नुसता धूसर पट्टा दिसेल. म्हणजे तेथे फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबत, धक्के खात पुढे सरकते. आवाजाची पट्टी मात्र प्रकाशझोतासमोरून अगदी संथ, एकसारख्या वेगाने जावी लागते. ती अडखळली, तर आवाज थरथरेल.

ही दोन कामे एकाच जागी होणे शक्य नाही. म्हणून आवाज वाचणारा भाग चित्राच्या जागेपासून दूर ठेवतात आणि मधे फिल्मची सैल कमान सोडतात. तिला ‘लूप’ म्हणतात. धक्के या कमानीत जिरून जातात. या अंतराची भरपाई म्हणून फिल्मवर आवाज चित्राच्या पुढे छापलेला असतो : ३५ मिलिमीटर फिल्मवर २० चित्रे, तर १६ मिलिमीटर फिल्मवर २६ चित्रे पुढे.

आता सारोळ्याचे कोडे सुटते. समजा, कमान मोठी राहिल्यामुळे हे अंतर २६ ऐवजी ३० चित्रांचे झाले. मग आवाज ४ चित्रांनी, म्हणजे ४/२४ = १/६ सेकंद उशिरा पोचणार. एवढा उशीर ओठांकडे पाहणाऱ्याच्या सहज ध्यानात येतो.

आकड्यांचे गणित

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. तो मूकपट होता. मूकपटाच्या काळात यंत्र थोडे हळू वा जलद फिरले तरी निभावून जाई. १९३२ साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. बोलपटात मात्र ही सवलत नव्हती. वेग बदलला की आवाजाची पट्टीही बदलते.

पण कोणतेही यंत्र सुरू करताच पूर्ण वेग घेत नाही. त्याच्या फिरत्या भागांना जडत्व असते. त्यासाठी प्रत्येक रिळाच्या आरंभी फिल्मचा एक जादा तुकडा जोडतात. हाच ‘लीडर’. १९३० साली अमेरिकेत ठरलेल्या लीडरवर ११ ते ३ हे आकडे एकेका फुटावर असत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात; म्हणून एक फूट फिल्म जाण्यास १६/२४ = २/३ सेकंद लागे. बारा फुटांना बरोबर ८ सेकंद! पुढे १९६० नंतरच्या दशकात आलेल्या लीडरवर फुटांऐवजी सेकंदच मोजले जाऊ लागले : ८ ते २. त्यावर घड्याळाच्या काट्यासारखी रेषाही फिरते.

चित्रपटगृहात दोन यंत्रे असत. एका रिळाच्या शेवटी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमके. तो दिसताच चालक दुसरे यंत्र सुरू करी. काही सेकंदांनी दुसरा ठिपका दिसे, आणि त्याच क्षणी तो चित्र बदली. तोपर्यंत दुसऱ्या यंत्राने आपला लीडर संपवून पूर्ण वेग घेतलेला असे.

आणि ‘एक’? ‘दोन’च्या पहिल्या चित्राबरोबर ‘बीप’ असा एकच चित्रभर टिकणारा आवाज असतो. संकलक चित्र आणि आवाज यांची रिळे याच खुणेवर जुळवितो. त्यानंतर पहिल्या दृश्यापर्यंत पडदा काळा असतो. बदल करताना चालकाचा हात किंचित लवकर पडला, तरी प्रेक्षकांना आकडा न दिसता अंधारच दिसावा, ही त्यातील सोय.

पाटी आणि टाळी

चित्रीकरणाच्या वेळी हेच काम पाटी करते. तिच्यावर चित्रपटाचे नाव, दृश्याचा आणि प्रयत्नाचा क्रमांक लिहितात आणि वरची फळी ‘टक्’ करून आपटतात. फळ्या जुळल्या ते चित्र आणि ‘टक्’ हा आवाज एकमेकांसमोर ठेवले की सारे दृश्य जुळते.

दूरचित्रवाणीलाही अशी मोजणी लागली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चित्रफितीच्या जुन्या यंत्रांना स्थिर होण्यास काही सेकंद लागत. म्हणून फितीच्या आरंभी उलटे धावणारे घड्याळ मुद्रित करीत.

लीडर नसेल तर?

रिळाचा आरंभ सर्वांत जास्त हाताळला जातो. ओरखडे, चिरा, धूळ हे सारे लीडर स्वतःवर घेतो आणि पहिले दृश्य वाचवितो. त्यावर चित्रपटाचे नाव आणि रिळाचा क्रमांकही असतो. डब्यावरची चिठ्ठी गळून पडली तरी रीळ ओळखता येते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत त्याच्या जुन्या, ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. जे उरले आहे, ते ओळखून जपण्यासाठी हा दुर्लक्षित तुकडाही मोलाचा आहे.

करून पाहा

मैदानावर मित्राला ३४ मीटर दूर उभे करा. त्याला दोन फळ्या आपटायला सांगा आणि मोबाइलवर चित्रण करा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. म्हणून आवाज १/१० सेकंद उशिरा येईल. मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेत असेल, तर हा उशीर ३ चित्रांचा असेल. चित्रण अगदी सावकाश पुढे सरकवून तो मोजा. मग मित्राला ६८ मीटरवर पाठवा. आता किती चित्रांचा उशीर होईल, हे मोजण्याआधी वहीत लिहून ठेवा!