इमारतीचे रूप आणि लोकमत : न्यूयॉर्कच्या '४३२ पार्क ॲव्हेन्यू'चे उदाहरण

प्रस्तावना

चित्र आवडले नाही तर त्याकडे पाठ फिरविता येते. नव्या उंच इमारतीच्या बाबतीत शहरवासीयांना ही सोय नसते. ती खाजगी मालकीची असली तरी तिचे दर्शन सार्वजनिक असते. त्यामुळे तिच्या रूपाविषयी मत देणारे लोक हजारो आणि तिचे मालक मूठभर, अशी स्थिती निर्माण होते. या मतांना नगररचनेच्या व्यवहारात कोणते स्थान असते, हा प्रश्न न्यूयॉर्कमधील '४३२ पार्क ॲव्हेन्यू' या निवासी मनोऱ्याच्या आधारे येथे तपासला आहे.

इमारत आणि तिच्याविषयीची मते

२००७ मध्ये पाडलेल्या ड्रेक हॉटेलच्या जागेवर उभी राहिलेली ही इमारत २०१५ मध्ये पूर्ण झाली. वास्तुविशारद राफाएल विन्योली (निधन २०२३). उंची १,३९६ फूट, म्हणजे सुमारे ४२६ मीटर. तळाची बाजू मात्र केवळ ९३ फूट. उंची आणि रुंदी यांचे हे प्रमाण १५ : १ एवढे पडते. चारही बाजूंना प्रत्येक मजल्यावर सहा-सहा चौकोनी खिडक्या, प्रत्येक खिडकी सुमारे १० फूट लांबी-रुंदीची, आणि हीच जाळी तळापासून माथ्यापर्यंत अखंड. कळस नाही, टप्प्याटप्प्याने आत सरकणारे मजले नाहीत, अलंकरण नाही. व्हिएन्नाचे कलावंत योजेफ हॉफमान यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी घडविलेल्या जाळीदार कचराटोपलीवरून ही रचना सुचल्याची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा टीकाकारांना आयतेच कोलीत मिळाले.

प्रशंसकांनी या रचनेतील भौमितिक शिस्त आणि सांगाडा न लपविण्याचा प्रामाणिकपणा वाखाणला. विरोधकांना ती रुक्ष, उद्धट आणि शहराच्या आकाशरेषेशी फटकून वागणारी वाटली. परंतु विरोधी मते बारकाईने पाहिली तर त्यांतील बरीचशी वास्तविक रूपाविषयी नाहीत. सव्वाशेच्या आसपास सदनिकांसाठी एवढी उंची, २०१६ मध्ये माथ्यावरच्या सदनिकेला मिळालेले सुमारे ८ कोटी ८० लाख डॉलर, सेंट्रल पार्कवर पडणाऱ्या सावल्या, हे सारे 'कुरूप' या एका शब्दात सामावले गेले. सौंदर्यविषयक शब्द वापरून सामाजिक तक्रार मांडणे ही लोकमताची जुनी रीत आहे. म्हणून ते मत खोटे ठरत नाही. त्याचा रोख कोठे आहे हे मात्र ओळखावे लागते.

आत राहणाऱ्यांच्या तक्रारी वेगळ्याच होत्या. पाणीगळती, लिफ्टमधील बिघाड आणि वाऱ्यात होणारे आवाज यांवरून रहिवाशांच्या मंडळाने २०२१ मध्ये विकासकांविरुद्ध दावा दाखल केला. २०२५ मध्ये दर्शनी काँक्रीटच्या तड्यांवरून आणखी एक दावा झाला. या इमारतीत पांढरे काँक्रीट हाच सांगाडा आणि हाच दर्शनी भाग. वर दुसरे आवरण नाही. त्यामुळे रूपाचा प्रश्न आणि मजबुतीचा प्रश्न येथे वेगळे करता येत नाहीत.

नियमांतून घडणारे रूप

या मतभेदांची दखल परवानगीच्या टप्प्यावर घेतली गेली नाही, याचे कारण कायद्यात आहे. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या नियमांनी रस्त्यावर उजेड पोहोचावा म्हणून उंच इमारतींना टप्प्याटप्प्याने मागे सरकण्यास लावले होते. १९६१ च्या नियमांनी चटई क्षेत्र निर्देशांक हा मुख्य निकष केला. शेजारच्या भूखंडांचे न वापरलेले चटई क्षेत्र विकत घेऊन आपल्या भूखंडावर वापरता येते. नियमांत बसणाऱ्या अशा इमारतीस 'हक्काने' परवानगी मिळते; तिच्या रूपावर सार्वजनिक सुनावणी होत नाही. रूपाची तपासणी प्रामुख्याने १९६५ मध्ये स्थापन झालेल्या वारसा आयोगाच्या कक्षेतील वास्तू व परिसर यांपुरती असते.

याहून महत्त्वाची बाब यंत्रसामग्रीच्या मजल्यांची. ते चटई क्षेत्रात मोजले जात नसत. '४३२'मध्ये ठरावीक अंतराने दोन-दोन मजले उघडे ठेवले आहेत. वारा त्यांतून निघून जावा व मनोरा कमी डोलावा, हा त्यामागचा स्थापत्यशास्त्रीय हेतू खराच आहे. पण त्यांनी सदनिका अधिक उंचावर नेल्या, आणि उंचीलाच किंमत होती. लोक ज्या काडीसारख्या आकृतीवर वाद घालत होते, ती वास्तुविशारदाच्या अभिरुचीइतकीच या मोजणीचीही निर्मिती होती. २०१९ मध्ये शहराने अनेक निवासी विभागांत २५ फुटांहून उंच यांत्रिक पोकळ्या चटई क्षेत्रात धरण्याचा नियम केला. तोवर मनोरा उभा होता.

याउलट १९८७ चे उदाहरण बोलके आहे. कोलंबस सर्कल येथील प्रस्तावित मनोऱ्यांच्या सावलीचा निषेध म्हणून शेकडो नागरिक छत्र्या घेऊन सेंट्रल पार्कमध्ये रांगेत उभे राहिले. ती जागा सार्वजनिक प्राधिकरणाची होती. म्युनिसिपल आर्ट सोसायटीच्या दाव्यावर न्यायालयाने त्या वर्षअखेरीस जमीनविक्रीचा व्यवहार रद्द ठरविला आणि तो आराखडा मागे पडला. नागरिकांची नापसंती दोन्ही वेळी तीव्र होती. १९८७ मध्ये तिला कायद्याचा आधार सापडला, '४३२'च्या वेळी तो नव्हता.

मुंबईचा संदर्भ

मुंबईकरांना ही मोजणीची भाषा परकी नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या काळात बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे असे भाग चटई क्षेत्राबाहेर ठेवण्याची मुभा वा सवलत मिळत असे. परिणामी दर्शनी भिंतींवर झाडे नसलेल्या फ्लॉवर बेडच्या रांगा उमटल्या आणि ताबा मिळताच अनेक ठिकाणी त्या खोल्यांत सामावल्या गेल्या. ग्राहकाने पैसे मात्र पूर्ण क्षेत्राचे मोजले. जानेवारी २०१२ च्या सुधारणेने हे भाग मोजणीत आणले आणि निवासी इमारतींना अधिमूल्य घेऊन ३५ टक्क्यांपर्यंत 'फंजिबल' चटई क्षेत्र दिले. वारसाविषयक नियम १९९५ पासून लागू असल्याने सूचीतील वास्तू व परिसर यांच्या रूपाबाबत मुंबईत समितीचे मत घेतले जाते. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या, त्यांतही बहुतेक एके काळी भाड्याने राहणाऱ्यांसाठी बांधलेल्या नव्या इमारतीच होत्या. सूचीबाहेरच्या शहरात मात्र इमारतीचे रूप अजूनही बव्हंशी चटई क्षेत्राच्या हिशेबातूनच ठरते.