इस्त्रीखालचा ओलावा

ऑगस्ट 2011मध्ये अटलांटा शहरात ब्रॉनर ब्रदर्स या जुन्या केशप्रसाधन कंपनीचा हेअर शो भरला होता. कृष्णवर्णीयांच्या केसांवर काम करणारे कारागीर तिथे देशभरातून येतात. त्या वर्षी तिथे बोलायला आल्या होत्या डॉ. रेजिना बेंजामिन, अमेरिकेच्या सर्जन जनरल. देशाला आरोग्याचा सल्ला देणारे हे सर्वांत वरचे सरकारी पद. मूळच्या अलाबामाच्या, स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या या डॉक्टरीणबाईंचे म्हणणे साधे होते: आपल्या अनेक भगिनी व्यायाम टाळतात, कारण घाम आला की केस बिघडतात, तेव्हा घामात टिकणाऱ्या केशरचना शोधायला तुम्ही कारागिरांनी मदत करा.

सर्जन जनरलनी केसांवर का बोलावे, असे ज्यांना वाटले असेल त्यांनी घट्ट कुरळ्या केसांवर इस्त्री फिरवून ते सरळ करण्याचे कष्ट पाहिलेले नसणार. न्हाणे, मुरवणे, वाळवणे, एकेक बट घेऊन सरळ करणे यात अख्खा दिवस जातो. आणि मग जिना चढताना मानेवर आलेला घाम तासाभरात ते सगळे पुसून टाकतो. या केसांना पाण्याची गरज सर्वांत जास्त आणि सरळपणाला पाण्याचेच सर्वांत जास्त भय. या पेचातून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शंभरेक वर्षांत जी वाट काढली, तिला मी विद्याच म्हणेन. ती आपल्याकडे फारशी कुणी सांगितलेली नाही, म्हणून हा लेख.

आधी केस समजून घेऊ. घट्ट कुरळ्या केसाचे मूळ त्वचेखाली वाकडे असते आणि केसाचा आडवा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. इथे प्रत्येक वळणावर ते अडते. त्यामुळे टाळू तेलकट आणि टोके कोरडी, अशी स्थिती कायमची. शिवाय प्रत्येक वळण हा केसाचा कच्चा दुवा. विंचरताना केस तुटतो तो बहुधा तिथेच. केसाच्या बाहेरचे आवरण कौलांसारखे एकावर एक रचलेल्या पातळ पापुद्र्यांचे असते. त्यावर पाणी झटकणारा स्निग्ध थर असतो. धुणे, ऊन, रसायने आणि उष्णता यांनी तो झिजतो. तो गेला की केस पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन गमावतो.

आत असतात केराटिन या प्रथिनाचे धागे. त्यांना बांधून ठेवणारे दोन प्रकारचे बंध इथे महत्त्वाचे. गंधकाचे बंध पक्के; पाण्याने किंवा रोजच्या उष्णतेने ते सुटत नाहीत. हायड्रोजनचे बंध नाजूक. पाणी लागले की सुटतात, वाळले की जुळतात. गरम पट्ट्यांमध्ये केस ताणून धरला की हे नाजूक बंध सुटतात आणि थंड होताना सरळ अवस्थेत पुन्हा जुळतात. केस सरळ दिसतो तो त्यांच्या जोरावर. पण केस आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषू शकतो. दमट हवेतले बाष्प आत शिरले की तेच बंध पुन्हा सुटतात आणि गंधकाच्या बंधांनी राखलेली मूळची वळणे परत येतात. कोकणात पावसाळ्यात पार्लरमधून निघालेल्या कुरळ्या केसांच्या मुलीला याचा अनुभव नक्की असतो.

पूर्वी हे काम स्वयंपाकघरात चाले. पितळेचा किंवा लोखंडाचा कंगवा गॅसच्या शेगडीवर तापवायचा, कागदावर किंवा फडक्यावर टेकवून तो करपवत तर नाही ना हे पाहायचे, केसांना पेट्रोलियम जेलीसारखे दाट मलम लावायचे आणि कंगवा मुळापासून टोकापर्यंत ओढायचा. ईस्टरच्या आदल्या दिवशी आईपुढे खुर्चीत बसून, कान हाताने दुमडून धरून, हलायचे नाही असा दम ऐकल्याची आठवण तिथल्या कित्येक पिढ्यांमध्ये सारखीच सापडते. या गरम कंगव्याचा शोध मॅडम सी. जे. वॉकर यांनी लावला असे अजूनही छापले जाते. ते खरे नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो तापवलेल्या चिमट्यांनी केसांना वळणे देत होते, आणि तापवायचे कंगवेही वॉकरबाईंच्या आधीपासून वापरात होते.

वॉकरबाईंचे खरे काम मला त्याहून मोठे वाटते. 1867मध्ये लुइझियानात जन्मलेल्या सेरा ब्रीडलव्ह (हे त्यांचे मूळ नाव) यांनी सेंट लुइसमध्ये धुणी धुऊन दिवस काढले. टाळूच्या विकाराने त्यांचे केस गळू लागले. ॲनी टर्नबो मलोन या उद्योजिकेची केशप्रसाधने त्यांनी आधी विकली, मग 1905मध्ये डेन्व्हरला जाऊन स्वतःचे मलम काढले. त्यांच्या पद्धतीत टाळू वारंवार धुणे, मलम चोळणे आणि मग गरम कंगवा असा क्रम होता. केस सरळ करणारी बाई ही ओळख त्यांना मान्य नव्हती. आपण केसांची वाढ आणि निगा शिकवतो, असे त्या ठासून सांगत. 1919मध्ये त्या वारल्या तेव्हा हजारो स्त्रिया त्यांच्या नावाने हा व्यवसाय करून स्वतःच्या पायावर उभ्या होत्या.

पुढे रासायनिक रिलॅक्सर आले. सोडियम हायड्रॉक्साइडसारखा तीव्र अल्क गंधकाचे बंधच तोडतो, त्यामुळे तेवढा केस कायमचा सरळ होतो. घाम येवो की पाऊस पडो. पण त्याने टाळू भाजते, केस ठिसूळ होतो आणि दर दोन महिन्यांनी नव्या वाढीवर तोच प्रयोग करावा लागतो. ऑक्टोबर 2022मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’चे निष्कर्ष आले. त्यात 33,497 स्त्रियांचा सुमारे 11 वर्षे मागोवा घेतला होता. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्यांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका 1.64 टक्के, तर ती वारंवार वापरणाऱ्यांमध्ये 4.05 टक्के आढळला. कारण सिद्ध झाले असे यावरून म्हणता येत नाही, पण दुर्लक्ष करावे असा हा आकडा नाही. त्याच्या बऱ्याच आधीपासून अनेकींनी रिलॅक्सर सोडून केस मूळच्या रूपात वाढवायला सुरुवात केली होती. अशा, रसायन न लावलेल्या केसांना तिथे ‘नॅचरल हेअर’ म्हणतात. अधूनमधून ते सरळ हवे असतील तर इस्त्रीचाच मार्ग उरतो. आजच्या त्याच्या नाजूक, हलक्या रूपाला ‘सिल्क प्रेस’ असे नाव आहे.

आता मुख्य गोष्ट. सिल्क प्रेस झाल्यावर केसांना ओलावा कसा द्यायचा, हा प्रश्न बहुतेक जणी उशिरा विचारतात. इस्त्री फिरल्यावर पाणी देता येत नाही. ओलावा द्यायचा तो इस्त्रीच्या आधी, न्हाण्याच्या दिवशी. नंतर फक्त तो राखायचा.

म्हणून जाणकार कारागिरीण न्हाण्यावर सर्वांत जास्त वेळ घालवते. साचलेले मलम आणि तेल निघेल असा शाम्पू एकदा, मग सौम्य शाम्पू. त्यानंतर दाट कंडिशनर लावून डोक्याला प्लास्टिकची टोपी घालायची आणि वीस-तीस मिनिटे वाफेखाली किंवा कोमट उष्णतेखाली बसायचे. कंडिशनरमधले धनभारित रेणू केसाच्या झिजलेल्या, ऋणभारित भागांना जाऊन चिकटतात. स्निग्ध अल्कोहोल पापुद्रे मऊ बसवतात. केस निसरडे झाले की बोटांनी आणि रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा, टोकांकडून मुळाकडे. धुतल्यावर हलके, न धुवायचे कंडिशनर आणि त्यावर उष्णतारोधक द्रव. त्यातले सिलिकोन केसावर पातळ पडदा धरते. उष्णता सावकाश आणि सारखी पसरते, आतले पाणी कमी उडते. सिलिकोनला नाके मुरडणाऱ्यांची मोठी फौज आहे, पण इस्त्री फिरवायचीच असेल तर त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही, असे माझे मत आहे.

मग वाळवणे, आणि इथे घाई महागात पडते. केस पूर्ण कोरडा हवा. कोरड्या केसातल्या केराटिनची घडण साधारण 230 अंश सेल्सिअसच्या आसपास विस्कटते. ओल्या केसात तीच मर्यादा 150 अंशांच्या आसपास येते. ओलसर केसावर तापलेली पट्टी दाबली की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि केसाच्या गाभ्यात पोकळ्या पडतात. त्वचारोगतज्ज्ञ अशा केसाला बुडबुड्यांचा केस म्हणतात. तो तिथेच तुटतो आणि त्यावर उपाय नाही. इस्त्री फिरवताना चर्रर्र आवाज आला तर तिथेच थांबावे. बट बारीक घ्यावी, पुढे कंगवा आणि त्यामागे पट्टी असे एकदाच, फार तर दोनदा फिरवावे. बारीक किंवा रंगवलेल्या केसांना 150 अंशही खूप झाले. जाड, निरोगी केसांनाही 185च्या पुढे जाण्याचे कारण नाही. बाजारातल्या इस्त्र्या 230 पर्यंत जातात म्हणून आपणही तिथवर जावे असे नाही.

इथवर नीट झाले तर पुढचे सात ते चौदा दिवस सोपे जातात. पाण्याचे फवारे बंद. ग्लिसरीन, मध, कोरफड असलेली क्रीमही बंद, कारण ही द्रव्ये हवेतले बाष्प ओढून घेतात आणि केस फुलतो. दोन-तीन दिवसांनी जोजोबा, आर्गन किंवा द्राक्षबियांचे तेल दोन-तीन थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांना पुसल्यासारखे लावायचे. तेल ओलावा देत नाही, असलेला जाऊ देत नाही. ते जास्त झाले तर केस चिकट होऊन धूळ धरतो आणि धुण्याचा दिवस अलीकडे येतो. रात्री केस डोक्याभोवती गोल लपेटून पिना लावायच्या आणि वर सॅटिनचा रुमाल किंवा टोपडे बांधायचे. सुती उशी तेल आणि ओल शोषते, शिवाय घासते. डोक्याभोवती केस लपेटण्याच्या या कलेत न्यू यॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स भागातल्या डॉमिनिकन सलूनवाल्यांचा हात फार जुना. आंघोळीच्या वेळी टोपड्यावर प्लास्टिकची टोपी, कारण अंगावरच्या पाण्याइतकीच न्हाणीघरातली वाफ घातक. व्यायामाला जाताना केस रुमालाने चापून बांधायचे आणि घाम पूर्ण सुकेपर्यंत सोडायचे नाहीत. डॉ. बेंजामिन यांच्या प्रश्नाचे हे रुमालाचे उत्तर अपुरे आहे हे मान्य, पण ते रोज वापरले जाते. घामाने मुळे फुलली म्हणून त्यावर पुन्हा इस्त्री मात्र नको. तिथेच केस जळतात.

हंगामही पाहावा लागतो. ह्यूस्टन किंवा न्यू ऑर्लीन्सच्या उन्हाळ्यात सिल्क प्रेस जेमतेम टिकते, म्हणून पुष्कळ जणी ती ऑक्टोबरनंतर करतात. शिकागोच्या हिवाळ्यात उलटी अडचण: घरातली तापवलेली हवा इतकी कोरडी की केस ओलावा गमावून कडकडतो. तिथे खोलीत हवा दमट ठेवणारे यंत्र आणि लोकरीच्या टोपीला आतून सॅटिनचे अस्तर, हे महागड्या सीरमपेक्षा जास्त काम करतात.

खोबरेल तेलाबद्दल आपल्या वाचकांना उत्सुकता असणारच. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी 2003मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचे आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातले प्रथिन वाहून जाणे ठळकपणे कमी करणारे तेल एकच निघाले, ते खोबरेल. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो. संशोधन करणारी कंपनी खोबरेल विकणारी होती हे ध्यानात ठेवूनही, ते जगभर उद्धृत झाले आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केशनिगेतही पोहोचले, याचा आनंद वाटतो. न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावण्याची आपल्या आज्यांची रीत इथे अगदी बरोबर बसते. पण खोबरेल चोपडलेल्या केसांवर इस्त्री फिरवू नये, आणि इस्त्रीनंतर ते थापू नये. केस जड होऊन लोंबतो.

टाळूबद्दल एक जुना गैरसमजही दूर करायला हवा. 1968मध्ये त्वचारोगतज्ज्ञांनी डोक्याच्या मध्यावर पसरत जाणाऱ्या, व्रण ठेवणाऱ्या टकलाला ‘गरम कंगव्याचे टक्कल’ असे नाव दिले. तापलेले मलम मुळांत उतरून ती जाळते असा त्यांचा तर्क होता. पुढे कंगवा कधीच न वापरलेल्या स्त्रियांमध्येही तो विकार दिसला, नाव बदलले, आणि 2019मध्ये पीएडीआय 3 या जनुकातल्या बदलांशी त्याचा संबंध उघड झाला. बायकांच्या हातातल्या कंगव्यावर जो दोष लादला, त्यात आनुवंशिकतेचा वाटा होता. तेव्हा टाळूच्या मध्यावर केस विरळ होऊ लागले, खाज किंवा आग होऊ लागली तर तेल बदलत बसू नये, लवकर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. गेलेली मुळे परत येत नाहीत.

सरळ केस ठेवायचे की नाही, हे तिथे अनेकदा आरशासमोर ठरत नाही. व्हाइट हाउसमधली आठ वर्षे मिशेल ओबामा यांनी केस सरळ ठेवले, कारण देश त्यांच्या वेण्यांना तयार नव्हता, असे त्यांनी 2022मध्ये सांगितले. केसांच्या नैसर्गिक पोतावरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करण्यास मनाई करणारा ‘क्राउन’ कायदा कॅलिफोर्नियाने 2019मध्ये सर्वांत आधी केला. नंतर अनेक राज्यांनी तो स्वीकारला. इस्त्री ही सक्ती न राहता हौस व्हावी यासाठी असे कायदे हवेतच.

हौस म्हणून करणाऱ्या प्रत्येकीला, मग ती अटलांटात असो की अंधेरीत, माझे एक सांगणे आहे. पुढच्या न्हाण्याच्या दिवशी केस भिजले की त्यांच्याकडे नीट पाहा. वळणे होती तशी परत आली तर तुमचे चालले आहे ते ठीक. एखादी बट ओली असूनही सरळच लोंबत राहिली, तर तिथले केराटिन कायमचे बिघडले आहे; कोणतेही कंडिशनर ते दुरुस्त करणार नाही. तेवढी टोके कापा आणि इस्त्री निदान काही महिने कपाटात ठेवा.