डॉलर नव्वदीपार, मग दुबई की जपान?

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरचा भाव ९० रुपयांच्या वर गेला आणि त्याच आठवड्यात बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या घरी सहलीचा बेत बदलला. मे महिन्यात जपानला जायचे जवळजवळ ठरले होते. मी बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी केलेली, म्हणून असे बेत माझ्या कानावर येतात. शेजारचा मुलगा संध्याकाळी आला आणि म्हणाला, "काका, रुपया इतका पडलाय, आता जपान कुठलं परवडायला? आम्ही दुबईच करतो."

दुबईला जाण्यात काही चूक नाही. पण त्याने दिलेले कारण नेमके उलटे होते. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, त्यात बदल नाही. डॉलर नव्वदला गेला की दिरहम आपोआप साडेचोवीस रुपयांना पडतो. म्हणजे ज्या डॉलरला घाबरून त्याने जपान सोडले, त्याच डॉलरच्या जुळ्या भावाकडे तो निघाला होता. येनची गोष्ट वेगळी आहे. २०१२ मध्ये डॉलर ५३-५४ रुपयांना होता आणि एक येन सुमारे ६७ पैशांना. जुलै २०२४ मध्ये डॉलर ८३ रुपयांच्या वर होता, पण येन ५२ पैशांवर उतरला होता. डॉलर नव्वदीला पोचला त्या डिसेंबरातही येन ५७-५८ पैशांचाच होता. दहा हजार येनची हॉटेलची खोली २०१२ मध्ये ६,७०० रुपयांना पडली असती, ती त्या डिसेंबरात ५,८०० च्या आत. विमानभाडे आणि एकूण खर्च पाहता जपान दुबईपेक्षा महागच आहे, पण तो डॉलर चढल्यामुळे महाग झालेला नाही.

गैरसमज : रुपया पडला म्हणजे सगळे जग महाग झाले

बातमीत येतो तो रुपयाचा डॉलरमधला भाव. आपण जातो ते थायलंडला, व्हिएतनामला, युरोपला. त्या प्रत्येक चलनाचे डॉलरशी आपले स्वतःचे चढउतार चालू असतात. आपल्याला लागतो तो रुपया आणि त्या देशाचे चलन यांच्यातला भाव. थायलंड हे याचे दुसऱ्या टोकाचे उदाहरण. २०१५ मध्ये एक बाथ दोन रुपयांच्या आत मिळत असे. २०२५ च्या अखेरीस तो पावणेतीन रुपयांच्या वर गेला. रुपया डॉलरपुढे उतरला आणि त्याच काळात बाथ डॉलरपुढे चढला, असा दुहेरी फटका. "बँकॉक म्हणजे स्वस्तातली परदेशवारी" हे समीकरण दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर उभे आहे.

हे गणित बडोद्याला नवे नाही. संस्थानाचा स्वतःचा बाबाशाही रुपया होता. इंग्रजी मुलखात तो दर्शनी किमतीला चालत नसे. सराफाकडे बट्टा देऊन इंग्रजी रुपये घ्यावे लागत. आपले आजोबा-पणजोबा ज्याला हुंडणावळ म्हणत, ती हीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाबाशाही रुपया गेला आणि बडोद्याच्या बाजारातही इंग्रजी रुपया आला.

पण त्या इंग्रजी रुपयालाही चैन नव्हती. तो चांदीचा, पौंड सोन्याचा. १८७० च्या सुमारास दहा रुपयांना एक पौंड मिळे. जर्मनीसारखे देश चांदी सोडून सोन्याकडे वळले, चांदी गडगडली आणि तिच्याबरोबर रुपयाही. बडोद्याचे महाराजा सयाजीराव १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले, तेव्हा पौंड चौदा रुपयांच्या आसपास होता. १८९३ मध्ये सरकारने लोकांकडून चांदी घेऊन रुपये पाडणे थांबवले आणि १८९९ पर्यंत भाव पंधरा रुपयांवर स्थिरावला. यातली माझ्या कामाची गोष्ट पुढची. १८९३ पर्यंतच्या त्या वर्षांत चीनशी व्यापार करणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याला ही घसरण जवळपास जाणवलीच नाही. चीनचे नाणेही चांदीचेच होते. दोघे बरोबरच उतरले. इंग्लंडला जाणाऱ्याला महागाई आणि चीनला जाणाऱ्याला काही नाही, असे एकाच रुपयाचे दोन अनुभव. आज चांदी नाही, पण "कोणाच्या तुलनेत पडला?" हा प्रश्न अजून तोच आहे.

गैरसमज : एका रुपयाला तीनशे डोंग, म्हणजे व्हिएतनाम स्वस्त

व्हिएतनाम स्वस्त आहे हे खरे, पण या कारणाने नाही. चलनावर किती शून्ये आहेत हा त्या देशाच्या इतिहासाचा भाग असतो, बाजारभावाचा नाही. व्हिएतनामची सर्वांत मोठी नोट पाच लाख डोंगची. तिची किंमत २०२५ च्या अखेरीस आपल्या साधारण सतराशे रुपयांइतकी होती. खिशात दहा-बारा नोटा असल्या की माणूस कोट्यधीश झाल्यासारखा खर्च करतो, आणि रात्री खोलीवर हिशेब मांडताना शून्यांत गोंधळून जातो. उलट बाजूने, येन एका रुपयाहून लहान आहे, म्हणून टोकियो बडोद्याहून स्वस्त आहे असे कोणी म्हणणार नाही.

देश स्वस्त की महाग हे कळायचे तर चार गोष्टींचे भाव काढावेत : मधल्या दर्जाची खोली, एका वेळचे साधे शाकाहारी जेवण, शहरातला बसचा किंवा मेट्रोचा प्रवास आणि पाहायच्या मुख्य स्थळाचे तिकीट. ते रुपयांत मांडले की चित्र स्वच्छ होते.

चलन कोसळले म्हणून देश स्वस्त झाला, हाही त्याच घरचा समज. तुर्कस्तानकडे पाहा. २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला साडेसात लिरा मिळत, २०२३ च्या अखेरीस जवळजवळ तीस. पण त्याच काळात तिथले भावही भडकत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा सरकारी दरच ८५ टक्क्यांवर होता. शिवाय पर्यटकाला लागणाऱ्या अनेक गोष्टींचे दर लिरात राहिलेच नाहीत. इस्तंबूलच्या हाया सोफियात परदेशी पर्यटकांना जानेवारी २०२४ पासून २५ युरोचे तिकीट लागले. लिरा कितीही उतरो, त्या तिकिटाला त्याचे काही नाही. मालदीवचेही तसेच. तिथले चलन रुफिया, पण रिसॉर्टचे बिल डॉलरमध्ये येते. म्हणून मी सगळ्यांना पहिली गोष्ट सांगतो ती ही, की देशाचे चलन कोणते हे विचारू नका, आपले बिल कोणत्या चलनात येणार आहे ते विचारा.

गैरसमज : पॅकेज रुपयांत घेतले, आता दराशी आपला संबंध नाही

सहल कंपनीचे पत्रक नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी किमतीचे दोन भाग असतात : इतके रुपये, अधिक इतके डॉलर किंवा युरो. दुसरा भाग पैसे भरायच्या दिवशीच्या दराने रुपयांत होतो. पूर्ण रक्कम रुपयांत छापलेली असली तरी खाली दरवाढीचा अधिकार राखून ठेवलेला असतो. तो किती आणि कधीपर्यंत, हे पहिला हप्ता भरण्याआधी लेखी घ्यावे. विमानाचे तिकीट तर रुपयांतच घेतो, पण इंधन आणि विमानांची भाडी यांची देणी कंपन्यांना बहुतांश डॉलरमध्ये असतात. रुपया उतरला की तो भार थोडाथोडा तिकिटात येतोच.

गैरसमज : "कमिशन नाही" अशी पाटी, म्हणजे सगळ्यांत चांगला दर

यावर मी सगळ्यांत जास्त बोलतो, कारण पैसे प्रत्यक्षात गळतात ते इथे. चलन विकणाऱ्याकडे दोन दर असतात, तो आपल्याला विकतो तो आणि आपल्याकडून घेतो तो. मधले अंतर ही त्याची कमाई. कमिशन शून्य असले की ती कमाई दरात असते. समजा, बाजारात डॉलर ९० ला आहे. एक काउंटर ९१.२० ने देतो आणि वर २०० रुपये घेतो. दुसरा काही घेत नाही, पण दर ९२.५० लावतो. हजार डॉलरला पहिल्याकडे ९१,४०० रुपये, दुसऱ्याकडे ९२,५००. पाटी पाहून दुसऱ्याकडे गेलात तर ११०० रुपये जास्त गेले. जीएसटी दोन्हीकडे लागतो, पण किरकोळ. लाख रुपयांच्या चलनावर १८० रुपये. म्हणून काउंटरवर विचारायचा प्रश्न एकच : "हजार डॉलरला सगळे धरून मी किती रुपये द्यायचे?" इथे अलकापुरीत दोन ठिकाणी आणि आपल्या बँकेत, एकाच दिवशी, थोड्या वेळाच्या अंतराने हा प्रश्न विचारून पाहा. उत्तरांतला फरक पाहून आश्चर्य वाटेल.

विमानतळावरचा काउंटर हा शेवटचा पर्याय. तिथे गिऱ्हाइकाला दुसरे दुकान नसते, आणि दरात ते दिसते. रुपयांच्या नोटा घेऊन जाऊन तिकडे बदलण्याचा बेतही बहुतेक देशांत महागात पडतो. अपवाद आपल्या शेजारचे : भूतानचा ङुल्त्रुम रुपयाशी एकास एक आहे, आणि नेपाळमध्ये १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी असा बांधलेला भाव आहे. डॉलर नव्वदला जावो की शंभरला, पोखरा आणि पारो या दोन गावांच्या सहलीत चलनाच्या दराची काळजीच नाही. दराची धास्ती घेतलेल्यांना मी मनापासून हे दोन देश सुचवतो.

कार्डाचे दोन सापळे आहेत. दुकानातले यंत्र विचारते, पैसे रुपयांत घेऊ की इथल्या चलनात? रुपये ओळखीचे, म्हणून आपण रुपयांवर बोट ठेवतो. मग बदलाचा दर त्या दुकानाच्या यंत्रणेचा लागतो आणि तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा बहुधा वाईट असतो. नेहमी तिथलेच चलन निवडा. दुसरा सापळा फॉरेक्स कार्डाचा. कार्डात डॉलर भरले आणि वापरले थायलंडमध्ये, तर रुपयाचा डॉलर आणि डॉलरचा बाथ असे दोनदा चलन बदलते, आणि दुसऱ्या बदलावरही शुल्क लागते. जिथे जायचे तिथलेच चलन भरून मिळत असेल तर ते भरा.

गैरसमज : टीसीएस म्हणजे बुडालेले पैसे

टीसीएस म्हणजे सहलीचे पॅकेज विकताना कंपनी आपल्याकडून घेते तो आगाऊ प्राप्तिकर. तो आपल्या पॅनवर जमा होतो. विवरणपत्र भरताना तो देय करातून वजा होतो आणि कर नसेल तर परत मिळतो. पैसे काही महिने अडकतात एवढेच. २०२६ च्या अर्थसंकल्पात परदेशी सहलींच्या पॅकेजवरचा दर सरसकट २ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर झाले. त्याआधी तो ५ आणि मर्यादेपुढे २० टक्के होता. वृद्ध आईवडिलांच्या नावावर पॅकेज घेतले असेल आणि ते विवरणपत्र भरत नसतील, तर मात्र त्या वर्षी ते जरूर भरा. त्यावाचून ते पैसे परत येत नाहीत.

गैरसमज : दर उतरेपर्यंत थांबावे

थांबू का, या प्रश्नाने लोक मला सर्वांत जास्त हैराण करतात. डॉलर उद्या किती असेल हे इतकी वर्षे त्या टेबलावर बसूनही मला सांगता आले नाही. ६ जून १९६६ रोजी सरकारने एका रात्रीत डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेला, तेव्हा भाव सरकार ठरवत असे. १९९३ पासून तो बाजारात ठरतो. रिझर्व्ह बँक अधूनमधून डॉलर विकून किंवा घेऊन फार मोठे हेलकावे थोपवते, एवढेच. पण दुसरे गणित मी नक्की मांडू शकतो. चौघांच्या सहलीत समजा २,००० डॉलरचा खर्च परकीय चलनात होणार आहे. डॉलर एका रुपयाने उतरला तर वाचतात २,००० रुपये. दिवाळीच्या शाळेच्या २१ दिवसांच्या सुट्टीत सगळे गुजरात एकदम निघते, आणि अहमदाबाद किंवा मुंबईहून सुटणाऱ्या विमानांची भाडी त्या काळात किती चढतात ते पाहा. तिथे माणशी वाढणारा आकडा सहज याच्या कितीतरी पुढे जातो. तारीख आणि देश बदलून जे वाचते, ते दराची वाट पाहून वाचत नाही. थोडी धाकधूक असेलच तर लागणारे चलन दोन-तीन हप्त्यांत घ्या. सरासरी दर पडेल आणि रोज वर्तमानपत्राचे ते पान उघडावे लागणार नाही.

शेजारच्या मुलाबरोबर मी जेवणाच्या टेबलावर हेच केले. कागदाचे दोन स्तंभ केले, एक दुबईचा, एक जपानचा, आणि प्रत्येक खर्चापुढे बिलाचे चलन लिहिले. दुबईचा जवळजवळ पूर्ण स्तंभ डॉलरला बांधलेला निघाला. जपानचा तिकिटाचा आकडा मोठा, पण खाली सगळे येन. फरक उरला तो त्याला वाटला होता त्याच्या निम्माही नव्हता. त्याच्या आईने कागद वाचला आणि ती म्हणाली, "मग मुलांना आवडेल तिकडे जा." ते मे महिन्यात ओसाकाला जात आहेत.

जाताना रोख किती नेता येते, हे त्यानेही विचारले. बहुतेक देशांसाठी एका फेरीला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, बाकीचे कार्डावर. चलन घेताना ५०,००० रुपयांपर्यंतच रोखीने देता येतात, त्यापुढे चेक किंवा कार्डाने. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतचे उरलेले चलन जवळ ठेवायला हरकत नाही. त्यापेक्षा जास्त असेल तर १८० दिवसांच्या आत बँकेत द्यावे लागते. नाणी मात्र इकडे कोणी बदलून देत नाही. ती परतीच्या विमानतळावर पाण्याच्या बाटलीत आणि मुलांच्या खाऊत संपवून या.