पिस्तुलाचा पहिला पाठ

"आजोबा, मला पिस्तुलाची नेमबाजी शिकावयाची आहे," असें आमच्या धाकट्या बंधूंची चौदा वर्षांची नात गेल्या चैत्रांत म्हणाली, त्या वेळीं ओसरीवर जप करीत बसलेल्या थोरल्या वहिनींची माळ मध्येंच थांबली. "पोथ्यापुस्तकांच्या घरांत हें भलतेंच काय!" असें त्या म्हणाल्या. सूनबाईंनीं कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचें नांव पुढें केलें. त्यांनीं २०१८ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाच्या प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. मनू भाकर यांनीं तर २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत पिस्तुलाचींच दोन कांस्यपदकें मिळविलीं. तरीहि वहिनींचें समाधान होईना. अखेर निर्णय मजवर सोंपविण्यांत आला. जन्मभर शाळामास्तरकी केल्यामुळें माझी अशी समजूत झाली आहे कीं, विद्या बरी कीं वाईट हें तिच्या नांवावरून ठरत नसून ती शिकविली कशी जाते यावरून ठरतें. म्हणून मुलीबरोबर मी स्वतः नेमबाजीच्या मैदानावर जाऊं लागलों. तेथें जें पाहिलें तें आमच्यासारख्या इतर कुटुंबांस उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहें.

पहिल्या दिवशीं एकहि गोळी उडाली नाहीं. शिक्षकांनीं हवेच्या दाबावर चालणारें पिस्तूल मेजावर ठेविलें. नळीचें तोंड लक्ष्याकडे, आणि नळींत नारिंगी रंगाची दोरी घातलेली, म्हणजे आंत गोळी नाहीं हें लांबूनहि दिसावें. मग त्यांनीं चार नियम पाठ करून घेतले. प्रत्येक पिस्तूल भरलेलेंच आहे असें समजावें. त्याचें तोंड लक्ष्यावांचून अन्यत्र कधींहि वळूं देऊं नये. नेम धरीपर्यंत बोट चापावर ठेवूं नये. लक्ष्य कोणतें व त्याच्या मागें काय आहे हें जाणल्याशिवाय गोळी सोडूं नये. संध्येप्रमाणें हे नियम रोज प्रारंभीं म्हणावयाचे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, काडतुसाचें पिस्तूल असेल तेथें कानांवर आच्छादन असावें, आणि गोळ्या शिशाच्या असल्यामुळें सराव संपतांच हात स्वच्छ धुवावे, हेंहि त्यांत आलेंच.

दुसरी गोष्ट सुखानें उभें राहण्याची. नवशिक्याचा हात दुखला कीं लक्ष उडालेंच. स्पर्धेच्या या पिस्तुलाचें वजन दीड किलोपेक्षां अधिक असूं नये असा नियम आहे, आणि तें एकाच हातानें धरावयाचें असतें. कोंवळ्या मनगटास हा भार थोडा नव्हे. म्हणून मूठ हाताच्या मापाची हवी. पाय खांद्यांइतके रुंद, मोकळा हात खिशांत वा कमरपट्ट्यांत, मनगट ताठ. पकड मात्र हस्तांदोलन करतांना असते तितकीच घट्ट. थोड्या गोळ्या झाल्या कीं विसांवा. पहिला आठवडा रिकाम्या पिस्तुलानेंच गेला. पुढें गोळी आली तेव्हां समोर कोरा कागद लाविला. त्यावर वर्तुळें नाहींत, गुण नाहींत, म्हणून चुकण्याची भीतिहि नाहीं.

तिसरी गोष्ट ऐकून मी चकित झालों. द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत अर्जुनास केवळ पक्ष्याचें मस्तक दिसत होतें, असें आम्ही मुलांना सांगत आलों. येथें मात्र उलट! दहा मीटरांवर दहा गुणांचें वर्तुळ अवघें ११.५ मिलिमीटर व्यासाचें. तरी त्याकडे टक लावूं नये, तें धूसर दिसूं द्यावें, आणि दृष्टि स्थिर करावी ती नळीच्या टोंकावरील माशीवर. ती मागील खाचेच्या मधोमध आहे ना, एवढेंच पाहावें. कारण डोळा एका वेळीं एकच अंतर स्पष्ट पाहूं शकतो; आणि माशी केसभर सरकली तर दहा मीटरांवर त्या चुकीचा विस्तार अनेक पटींनीं होतो.

चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. चाप खेंचावयाचा नसून हळूहळू दाबावयाचा असतो. "आतां सोडावी" असें मनांत आलें कीं मनगट दचकतें. आणि हात कांपूं लागला किंवा फार वेळ गेला, तर गोळी सोडूंच नये. बोट चापावरून काढावें, हात खालीं घ्यावा, श्वास घ्यावा व पुन्हां आरंभ करावा. मला अश्वत्थाम्याची आठवण झाली. ब्रह्मास्त्र सोडणें त्यास ठाऊक होतें, परत घेणें साधत नव्हतें. अर्जुनास दोन्ही साधत होतीं. प्रयोग आणि उपसंहार मिळूनच अस्त्रविद्या पुरी होते.

तिसऱ्या आठवड्यांत मुलीची गोळी प्रथमच दहाच्या वर्तुळांत बसली. आनंदाच्या भरांत ती "आजोबा!" म्हणून माझ्याकडे वळली; पिस्तूल हातांत तसेंच. शिक्षकांनीं तत्क्षणीं तिचें मनगट धरून नळी लक्ष्याकडे फिरविली, पिस्तूल काढून घेतलें आणि उरलेला तास तिला बाकावर बसविलें. आवाज चढला नाहीं, चारचौघांत उपहास झाला नाहीं. पिस्तूल रिकामें होतें. परंतु पहिला नियम तोच तर होता! परततांना तिचे डोळे भरून आले. "आजोबा, मी तें तुमच्यावर धरलें," एवढेंच ती म्हणाली. माझेहि पाय थरथरत होते, हें मीं तिला सांगितलें नाहीं.

आपलें मूल या विद्येकडे पाठविण्यापूर्वीं वडील माणसांनीं एक तास मैदानावर बसून पाहावें. शिक्षक आधीं गुण विचारतो कीं नळीची दिशा पाहतो, घाई करवितो कीं हात खालीं घेण्यास शिकवितो, एवढ्यावरून परीक्षा होते. ज्या ठिकाणीं पहिल्याच दिवशीं मोठें पिस्तूल हातीं देऊन नवशिक्याच्या दचकण्यास हंसतात, तेथून मूल घरीं आणावें.

परवां वहिनींनीं विचारलें, "काय ग, लागला का नेम?"

"आज चार वेळां हात खालीं घेतला, मोठ्या आजी," ती म्हणाली.

वहिनींना अर्थ कळेना. मीं त्यांना अश्वत्थाम्याची कथा सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली, आणि "मग जाऊं दे तिला," असें म्हणून माळ पुढें ओढली.