चित्रवहीतले विहिरीचे पान

चित्रवहीचे काम कुठवर आले, असे भेटेल तो सभासद विचारतो. उत्तर असे की चित्रे बरीच झाली, वही मात्र अजून झालेली नाही. उशीर का झाला, ते आज जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या मते तो उशीर वाया गेलेला नाही.

सुरुवातीचा बेत साधा होता. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही बाजूंच्या घरांनी एकेक पान घ्यायचे. आजी-आजोबांनी आपल्या वेळचे गाव सांगायचे आणि मुलांनी ते काढायचे. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून हे दोन तालुके वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हापासूनच आपल्या भागाचे आपले असे काहीतरी असावे, हे बोलणे सुरू होते. चित्रवही हे त्यातले सर्वांत स्वस्त आणि सोपे काम, अशी आमची समजूत होती.

पहिला गठ्ठा आला तेव्हा कौतुकाने सगळ्यांनी पाहिला. नंतर कुणाच्या तरी लक्षात आले की बहुतेक पाने एकसारखीच आहेत. डोंगराचे दोन त्रिकोण, मधून उगवणारा सूर्य, उतरत्या छपराचे घर, बाजूला नारळाचे झाड. आता पांढुर्ण्यात नारळ कुठला? आजी काढली होती ती पैठणी आणि नथ घातलेली, म्हणजे टीव्हीच्या मालिकेतून उचललेली. पोळ्याच्या बैलांच्या पाठीवर झूल नव्हती आणि शिंगांना बेगड नव्हती. संत्र्याची बाग एकाही पानावर नव्हती. आपल्या मुलांनी आपले गाव पाहिलेले आहे, पण चित्र काढताना त्यांना पाठ्यपुस्तकातले गाव आठवते. दोष त्यांचा नाही. आम्ही त्यांना नुसते 'काढा' म्हणालो होतो, काढण्याआधी काय करायचे असते ते सांगितलेच नव्हते.

ते 'आधीचे काम' म्हणजेच हल्ली ज्याला कन्सेप्ट आर्ट म्हणतात. सिनेमा, कार्टून किंवा मोबाइलवरचा खेळ बनवण्याआधी चित्रकार बसून त्यातले जग कागदावर उभे करतात. वाडा कसा, दार कसे, संध्याकाळचा उजेड कसा पडतो, म्हातारीच्या हातात काठी आहे की कंदील. एकाच गोष्टीची दहा चित्रे होतात आणि त्यातली नऊ बाद होतात. मग कधी कधी ही सगळी चित्रे, बाद झालेल्यांसकट, एका पुस्तकात छापतात आणि विचार कसा बदलत गेला ते वाचकाला दिसते. नाव नवे असले तरी मराठी माणसाला हे काम नवे नाही. प्रभात कंपनीचे दामले आणि फत्तेलाल हे दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. त्यात आपल्याला खरे वाटणारे देहू आधी चित्रकाराच्या नजरेतून गेलेले आहे.

पण आम्हाला खरी वाट दाखवली ती दुसऱ्या एका पुस्तकाने, आणि तेही आपल्याच मध्य प्रदेशातल्या चित्रकारांच्या. 'भीमायन' हे डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचे चित्रपुस्तक नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये काढले. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. दुर्गाबाई दिंडोरीकडच्या, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यापैकी काहींना वाटेल की गोंड चित्रकलेचा आपल्याशी काय संबंध. एवढेच आठवावे की नागपूर वसवणारा बख्त बुलंद हा देवगडचा गोंड राजा, आणि देवगड आपल्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातले.

या पुस्तकाची गोष्ट बहुतांशी मराठी मुलखातली आहे. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींवर ते बेतलेले आहे. १९०१ मध्ये लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैल हाकले आणि गाडीवान बाजूने पायी चालला. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. शाळेत तर शिपायाने वरून ओतले तरच पाणी, शिपाई नसला की तहान तशीच. १९१७ मधले बडोदे, १९२९ मधला चाळीसगावचा टांगा, १९३४ मधला दौलताबादचा हौद, सगळीकडे पाणी, निवारा आणि प्रवास हेच तीन प्रश्न. मधोमध मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे.

हे सारे परधान गोंड चित्रकारांनी कसे काढले, यात आमच्या उपयोगाचा धडा होता. लेखकांनी त्यांना नेहमीच्या कॉमिक्सची पुस्तके दाखवली होती, चौकोनांत बसवलेल्या चित्रांची. व्याम दांपत्याला ते चौकोन पटले नाहीत. माणसे डब्यात कोंडली की गुदमरतात, चित्राला मोकळी जागा हवी, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी पानाचे भाग पाडले ते डिगना वापरून. गोंड बायका सणासुदीला आणि लग्नकार्यात भिंतीवर आणि जमिनीवर ज्या आकृत्या काढतात, त्या डिगना. आपल्याकडे सडा घालून रांगोळी काढतात, तिच्या नात्यातली गोष्ट. त्यांची रेल्वे सापासारखी वळवळत जाते. गरीब, सोसणाऱ्या माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात लिहिलेले आहे आणि जातीचा विखार असलेले बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात. महाडच्या सभेत भाषण ऐकवणारे कर्णे पाणी शिंपडणारे होऊन जातात. मजकूर झाकून ठेवला तरी कोण कोणाला काय करतो आहे ते मुलाला कळते.

पुस्तकावर चौघांची नावे आहेत, आणि चित्रकारांची आधी. हे मुद्दाम सांगतो. साड्यांवर, भेटकार्डांवर, सरकारी भिंतींवर गोंड चित्रे आपण रोज पाहतो, पण काढणाऱ्याचे नाव क्वचितच असते. पाटनगढचे जनगढसिंह श्याम भोपाळच्या भारत भवनात आले आणि ही कला कागदावर व कॅनव्हासवर उतरली. आज तिला 'जनगढ कलम' म्हणतात, म्हणजे एका माणसाच्या नावाने ओळखतात. आमच्या पहिल्या बेतात मुलांची नावे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, एकत्र छापायची होती. तो बेत आम्ही तिथेच मोडला.

आता विहिरीच्या पानाबद्दल. एका मुलीने गावची विहीर फार छान काढली होती. रहाट, दगडी काठ, घागरी, आणि भोवती गप्पा मारणाऱ्या सगळ्या घरच्या बाया. चित्र सगळ्यांना आवडले. बैठकीत मागे बसलेले एक आजोबा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पोरीनं काढलं लय सुंदर, पण माझी माय या विहिरीवर नव्हती. तिला खाली नाल्याच्या झिऱ्यावर जावं लागे."

खोलीत शांतता झाली. मग दोन बाजू पडल्या, आणि त्या अपेक्षित होत्या तशाच होत्या. काहींचे म्हणणे, हे लहान मुलांचे पुस्तक आहे, जुने उगाळून आता कोणाचे भले होणार; आज सगळे एकाच नळाचे पाणी पितात. दुसऱ्यांचे म्हणणे, आजी-आजोबांच्या वेळचे गाव काढायचे ठरले होते ना, मग ही आजी गावात नव्हती का. आमच्यातल्या काही घरांच्या मागच्या पिढीने १९५६ मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतलेली आहे. त्यांच्यासाठी तो प्रश्न तात्त्विक नव्हता. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या दिवशी वही बंद पडते की काय, असे वाटले.

वाट निघाली ती 'भीमायन' सगळ्यांनी हातात धरून पाहिल्यावर. मजकूर इंग्रजीत असूनही बायाबापड्यांनी पाने उलटली, विंचवाची नांगी ओळखली आणि बोलायला लागल्या. मग ठरले की विहिरीचे पान दोन घरांनी मिळून करायचे. मुलीची विहीर तशीच राहील. तिच्या खाली, त्याच पानावर, आजोबांचा नातू झिरा काढेल. वाळूत हाताने उकरलेला खड्डा, वाटीवाटीने भरणारी घागर आणि विहिरीपासून झिऱ्यापर्यंत उतरणारी पायवाट. मधे रेघ नको, चौकोन नको. कोणाला दोष देणारे वाक्यही नको. पानाखाली दोन्ही मुलांची नावे. हे पान आतापर्यंत चार वेळा काढून झाले. नातवाला घागर जमते, आजीची पाठ जमत नाही. आजोबा म्हणतात ती अजून जास्त वाकलेली होती.

गोटमारीच्या पानावरही वाद झाला, पण लवकर मिटला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, जिकडे तिकडे मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात आणि त्याच दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. पळून जाणाऱ्या जोडप्याची दंतकथा सगळ्यांना तोंडपाठ आहे. दगड लागून माणसे मेलेली आहेत हेही सगळ्यांना माहीत आहे. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, लोक पुन्हा दगडांवर आले. मुलांची पहिली चित्रे वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी होती: हवेत दगड, काठावर गर्दी. शौर्याचे चित्र छापायला काही आया ठाम नाही म्हणाल्या, आणि आम्हालाही ते पटले. सण वगळणेही बरे दिसेना. शेवटी सावरगावच्या एका मुलाने रात्रीची नदी काढली. झाड चंडीमातेच्या देवळाकडे गेलेले, पाणी शांत, आणि काठावर गर्दीत हरवलेल्या चपलांचा ढीग. त्यावर कोणी काही बोलले नाही. ते पान पक्के झाले.

भाषेचे थोडक्यात सांगतो. आपली बरीच मुले हिंदी माध्यमात शिकतात. १९५६ मध्ये प्रांतांची फेररचना होऊन विदर्भ तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो, त्याचा हा रोजचा परिणाम. म्हणून चित्रातल्या वस्तूंची नावे मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि खाली एक ओळ हिंदीत, असे ठरले. तिफण, डवरा, वखर यांना हिंदीत काय म्हणावे यावर दोन तास गेले. ते शब्द आम्ही तसेच ठेवले. झडत्या मात्र ऐकूनच लिहायच्या आहेत. ज्यांना पोळ्याच्या झडत्या पाठ आहेत त्यांनी कृपया लाजू नये.

काढण्याच्या पद्धतीतही एक बदल केला आहे. आता कोणीही घरी बसून चित्र काढत नाही. आधी वस्तू पाहायची, हात लावायचा, मग तीन कच्ची चित्रे, आणि त्यातले कुठले ठेवायचे ते सांगणाऱ्या आजी-आजोबांनी निवडायचे. बागेच्या पानासाठी मुले सौंसरजवळच्या एका संत्र्याच्या बागेत दिवसभर होती. आंबिया बहाराची फळे हिरवट-पिवळी असतानाच उतरवतात, हे पाहून सगळ्यांचे भगवे रंग मागे पडले. एकाने झाडाऐवजी नुसती कॅरेट भरणारे हात काढले आहेत. आम्हाला तेच सर्वांत आवडले. बाद झालेली चित्रे आम्ही टाकलेली नाहीत. नारळाच्या झाडाचे पानसुद्धा वहीत शेवटी छापणार आहोत, काढणाऱ्याची परवानगी घेऊन. तो आता हसून हो म्हणतो.

राहिले आहे रेल्वेचे पान. नागपूर-छिंदवाडा छोट्या लाईनची गाडी मुलांपैकी कोणालाच आठवत नाही, आणि मोठ्यांच्या आठवणीत डब्यांचा रंग जुळत नाही. कोणाकडे सौंसर स्टेशनचा जुना फोटो किंवा पुठ्ठ्याचे तिकीट असेल तर रविवारच्या बैठकीला घेऊन यावे. मुले पाहून लगेच काढतील, वस्तू त्याच दिवशी परत मिळेल.